डिशखाली भरणारी शाळा

कल्याण आणि जुन्नर ही नावे एका दमात घेतली की इतिहासाच्या अभ्यासकाला नाणेघाट आठवतो. सातवाहनांच्या काळात कोकणच्या बंदरांवर उतरलेला माल याच घाटाने वर चढायचा, जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण घाटमाथ्यावर आजही आहे. जवळच्या लेण्यात नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची वाटही याच दोन टोकांवरून गेली, हा योगायोग मात्र फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये पहिली रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला. ऑस्ट्रेलियातून आलेल्या, प्रत्येकी सहा फूट व्यासाच्या ३२ डिश तिथे सूर्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पुढे तीसेक वर्षांनी त्यांच्याच कल्पनेतल्या ३० डिश घाटाच्या या बाजूला, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला उभ्या राहिल्या. यांतल्या प्रत्येक डिशचा व्यास मात्र ४५ मीटर होता.

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, हे तिचे नाव. आसपासच्या गावांत ती नुसती 'खोडदची दुर्बीण' आहे. तिने आकाशात काय शोधले यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या अंगणात जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतली मुले आणि त्यांचे शिक्षक कसे आले, तिथे त्यांना अभियंता नावाचा माणूस कसा भेटला, आणि हीच ओळख आता रस्ते, पूल आणि रेल्वेच्या अभियांत्रिकीपर्यंत का न्यायला हवी, याची ही वाटचाल.

खोडदच का?

कल्याण आणि खोडद यांच्या मधला टप्पा उटीचा. १९७० मध्ये तिथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दंडगोलाकार दुर्बीण तयार झाली. तिच्यासाठी डोंगराचा असा उतार शोधला होता की त्याचा कोन त्या जागेच्या अक्षांशाएवढा, सुमारे ११ अंश, भरावा. त्यामुळे एवढी मोठी दुर्बीण एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्याचा तासन् तास माग काढता येऊ लागला. जे काम महागड्या यंत्राला करावे लागले असते ते डोंगराने केले. साधन कमी असताना जागेकडूनच काम करून घ्यायचे, ही स्वरूप यांची रीत पुढे खोडदलाही दिसते.

नव्या दुर्बिणीसाठी लागणारी जागा रेडिओच्या गोंगाटापासून दूर हवी होती, पण पुण्यासारख्या शहरापासून फार लांब नको होती. वारा बेताचा हवा होता. भोवती डोंगर असले तर शहरांकडून येणारे संदेश अडणार होते. दक्षिणेकडचे आकाशही दिसायला हवे होते, म्हणजे फार उत्तरेला जाऊन चालणार नव्हते. पुण्याच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावच्या पूर्वेला असलेले खोडद या सगळ्या अटींत बसले. दुर्बिणीचे मुख्यालय, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, पुणे विद्यापीठाच्या आवारात आले. ३० पैकी १४ डिश खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. उरलेल्या १६ डिश इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर शेतांमधून लांबवर पसरल्या आहेत. दोन टोकांच्या डिशमधले जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर. ऑक्टोबर २००१ मध्ये ही दुर्बीण जगभरच्या वैज्ञानिकांना अर्पण करण्यात आली.

दुर्बीण अशी पसरलेली असल्यामुळे तिला गावापासून वेगळे राहताच आले नाही. कोणाच्या उसाच्या फडाला लागून डिश, कोणाच्या शाळेच्या रस्त्यावर डिश. मुले सायकलवरून जाता-येता रोज पाहायची की परवा पूर्वेकडे तोंड असलेली डिश आज डोक्यावर बघते आहे. ती कोण फिरवतो, कशाने फिरते, वाऱ्याने पडत कशी नाही, हे प्रश्न शाळेत कोणी शिकवण्याआधीच मुलांच्या मनात आले होते.

एका डिशमध्ये किती अभियंते?

या प्रश्नांच्या उत्तरांत जवळजवळ सगळी अभियांत्रिकी येते. ४५ मीटर व्यासाची भरीव डिश बांधायची तर तिचे वजन आणि तिच्यावर येणारा वाऱ्याचा जोर पेलायला अवाढव्य पोलाद लागले असते. खोडदच्या डिशवर पत्रा नाही. पोलादी फासळ्यांच्या सांगाड्यावर बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी आहे, आणि ती दोरांच्या ताणाने हव्या त्या वक्रतेत ओढून धरलेली आहे. सुंभाने विणलेली बाज जशी ताणावर उभी असते, तशी. मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची छिद्रे दिसतच नाहीत, त्यांच्या लेखी ही जाळी म्हणजे आरसाच. वारा मात्र जाळीतून निघून जातो. म्हणून डिश हलकी झाली, हलकी म्हणून स्वस्त झाली, आणि स्वस्त म्हणून ३० उभारता आल्या.

तिच्या खाली सुमारे १५ मीटर उंचीचा काँक्रीटचा मनोरा आहे. मनोऱ्याच्या माथ्यावर सुमारे ३.६ मीटर व्यासाचे बेअरिंग बसवले आहे, त्याच्यावर डिश आडवी फिरते. उभी हालचाल वेगळ्या गिअरवर होते आणि डिशचा तोल मागच्या बाजूच्या प्रतिभाराने सांभाळला जातो. मोटर, गिअरबॉक्स, ब्रेक आणि 'आता किती अंशावर आहेस' हे सतत विचारत राहणारी नियंत्रण यंत्रणा, हे सगळे मिळून ती डिश ताऱ्यावर रोखून धरतात. आलेला संदेश ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत जातो आणि तिथे तीसही डिशचे संदेश एकमेकांशी ताडून पाहिले जातात.

म्हणजे पाया घालणारा स्थापत्य अभियंता, सांगाड्याचे गणित करणारा संरचना अभियंता, गिअर आणि बेअरिंगचा यांत्रिकी अभियंता, मोटर चालवणारा विद्युत अभियंता, संदेश पकडणारा इलेक्ट्रॉनिक्सवाला आणि आकडेमोड करणारा संगणकवाला, हे सगळे एकाच यंत्राभोवती काम करतात. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने २०२० मध्ये जीएमआरटीला 'माइलस्टोन' म्हणून गौरवले. भारतातून हा मान मिळालेला हा तिसरा टप्पा. त्याआधीचे दोन जगदीशचंद्र बोस आणि सी. व्ही. रामन यांच्या कामासाठी होते. खोडदच्या दुर्बिणीत खगोलशास्त्राइतकीच अभियांत्रिकी मोलाची आहे, यावर त्या गौरवाने शिक्का मारला.

२८ फेब्रुवारी

रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून त्या तारखेला देशभर राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. बहुतेक ठिकाणी फोटोला हार घालून आणि एक भाषण करून हा दिवस संपतो. खोडदला त्या दिवशी दुर्बिणीचे फाटक उघडते. एरवी ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळीच पाहुण्यांना आत घेणारी ही वेधशाळा विज्ञान दिनाला शाळा-महाविद्यालयांना आणि गावकऱ्यांना खुली होते. जुन्नर-आंबेगावातून, शिरूर-खेडमधून, शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून एसटीने, टेम्पोने, शाळेच्या गाड्यांनी हजारो मुले येतात.

या दिवसाला दोन बाजू आहेत. एका बाजूला वेधशाळेचे अभियंते आणि खगोलशास्त्रज्ञ स्वतःच्या यंत्रासमोर उभे राहून ते यंत्र समजावतात. दुसऱ्या बाजूला शाळांनी आपापले प्रयोग मांडलेले असतात. प्राथमिक, माध्यमिक आणि कनिष्ठ महाविद्यालय अशा गटांतून उत्तम प्रयोगांना बक्षिसे दिली जातात. दुसरी बाजू महत्त्वाची आहे, कारण मूल तिथे नुसते बघायला येत नाही, काहीतरी मांडायला येते. ज्याने स्वतः पुठ्ठा आणि मोटर घेऊन एखादी फिरती डिश जोडली आहे, त्याला समोरच्या अभियंत्याला विचारायचे प्रश्न वेगळे सुचतात. 'ही केवढी आहे?' हा प्रश्न संपतो. त्याच्या जागी 'ही एका जागी कशी थांबवता?' हा प्रश्न येतो.

दहावीच्या मुलांचा कल ओळखण्यासाठी राज्यात २०१६ पासून काही वर्षे कलचाचणी घेतली गेली. प्रश्नावलीतून मुलाचा ओढा कदाचित कळतो, पण जे काम त्याने कधी पाहिलेच नाही त्याकडे त्याचा ओढा असणार कसा? जुन्नर-आंबेगावच्या गावांत कामे म्हणून ठाऊक असतात ती डॉक्टर, शिक्षक, पोलीस, तलाठी, बँकेतला कारकून, आणि चाकणच्या कारखान्यातली नोकरी. 'इंजिनिअर' हा शब्द ठाऊक असतो, पण तो दिवसभर करतो काय, हे नाही. खोडदने ती जागा भरली. अभियंता म्हणजे हातात स्पॅनर किंवा समोर आलेख असलेला, आपल्याच भाषेत बोलणारा, प्रश्न विचारला तर आनंदणारा माणूस, हे मुलांनी प्रत्यक्ष पाहिले.

शिक्षक आधी

मुले एका दिवसासाठी येतात, शिक्षक वर्षभर वर्गात असतात. म्हणून अशा ओळखीचा खरा वाहक शिक्षकच. सहलीच्या आधी वर्गात काय बोलले गेले आणि परतल्यावर कोणत्या धड्याशी ते जोडले गेले, यावर सहलीचा उपयोग ठरतो. परवलयाकार आरसा विज्ञानाच्या पुस्तकात असतो, पण डिशच्या नाभीवर बसवलेला संवेदक पाहिलेल्या शिक्षकाला तो धडा वेगळा शिकवता येतो. गिअरचे गुणोत्तर, प्रतिभार, तरंगलांबी, तारेतला ताण हे सगळे अभ्यासक्रमात आहेच, फक्त ते एकाच यंत्रात एकत्र पाहिलेले नसते.

शिक्षकाला शिकवायला एक गोष्ट तर तयारच आहे. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपच्या एक्सोमार्स मोहिमेतले स्कियापरेली हे यान मंगळावर उतरत होते. ते वातावरणातून खाली येत असताना त्याचा मंद रेडिओ संदेश पृथ्वीवर ऐकला तो खोडदच्या दुर्बिणीने. उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात संदेश तुटला आणि यान मंगळावर आदळले हे नंतर कळले. आठवी-नववीच्या वर्गात या एका घटनेवर किती तास जातील! वेग कमी करणारी हवाई छत्री, ब्रेक म्हणून वापरलेली रॉकेटे, उंची मोजण्यात झालेली गफलत, आणि एवढ्या अंतरावरून कमी होत जाणारा संदेश. वाहन, ब्रेक आणि रस्ता नसलेली जागा: वाहतूक अभियांत्रिकीचे सगळे प्रश्न यात आहेत, फक्त ठिकाण मंगळ आहे.

याच परिसराच्या दक्षिण टोकाला, शिरूर तालुक्यातल्या पाबळला सुरू झालेल्या शिक्षकांच्या आणखी एका वाटेचा उल्लेख करायला हवा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेतल्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, विजेची जोडणी, शेती आणि स्वयंपाकघरातले विज्ञान हाताने करावे आणि त्याची सेवा गावाला द्यावी, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. शाळेच्या बाकाबाहेरचे काम हे शिक्षणाचेच साधन आहे, हे पाबळने दाखवले. त्या कामातले कुतूहल किती उंच जाऊ शकते, हे खोडदने.

दारावरून जाणारी अभियांत्रिकी

आता या वाटचालीतला पुढचा टप्पा. दुर्बीण समजून घ्यायला खोडदला जावे लागते. वाहतुकीची अभियांत्रिकी मात्र जुन्नर-आंबेगावच्या प्रत्येक शाळेच्या दारावरून जाते. पुणे-नाशिक महामार्ग मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा असा दोन्ही तालुक्यांतून जातो. आळेफाट्याला त्याला कल्याण-अहिल्यानगर महामार्ग छेदतो आणि तो पश्चिमेला माळशेज घाटात उतरतो. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरलेल्या गाड्या दूरच्या राज्यांत जातात. माल किती तासांत पोचतो यावर भाव ठरतो, आणि ते तास रस्ता, घाट, पूल आणि बाह्यवळण ठरवतात. विघ्नहर आणि भीमाशंकर या साखर कारखान्यांच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या याच रस्त्यांवर येतात.

ही सगळी विज्ञानाची सामग्री आहे. एक साधा प्रयोग घ्या. आळेफाट्यावर, रस्त्यापासून दूर आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली बसून, नववीच्या मुलांनी तासभर वाहने मोजायची: दुचाकी वेगळ्या, मोटारी वेगळ्या, एसटी आणि ट्रक वेगळे, ट्रॅक्टर-ट्रॉली वेगळ्या. मग त्यांचे एका मापात रूपांतर करायचे. वाहतूक अभियंते हे माप मोटारीत मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, ट्रक किंवा बस म्हणजे तीन, ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे साडेचार आणि बैलगाडी म्हणजे तब्बल आठ मोटारी. बैलगाडीला आठ का, या प्रश्नावर वर्गात चर्चा रंगेल. ती जागा आठांची घेत नाही. तिचा वेग कमी असल्यामुळे मागच्यांची वाट अडते, आणि रस्त्याची क्षमता त्या अडण्यातून कमी होते. बैलगाडा शर्यतीवर जीव असलेल्या मुलांना गाड्याचा हा हिशेब आवडल्याशिवाय राहणार नाही.

ही इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ मध्ये स्थापन झाली ती मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रस्तेविकास समितीच्या शिफारशींतून. पुढे हेच जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. जीएमआरटीचे मुख्यालय त्याच विद्यापीठाच्या आवारात आहे.

प्रयोगाच्या पुढे कामे येतात. रस्ता कुठून न्यायचा हे ठरवणारा सर्वेक्षक. डोंगर किती उभा कापला तर टिकेल हे सांगणारा भूतांत्रिक अभियंता. डांबराच्या थरातून गोल नमुना कापून त्याची जाडी आणि घट्टपणा तपासणारा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. पुलाच्या खांबांखालची माती पुरात किती खरवडली जाईल याचे गणित करणारा. सिग्नलचे सेकंद ठरवणारा. सार्वजनिक बांधकाम विभागातला कनिष्ठ अभियंता. लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन होणारा सहायक मोटार वाहन निरीक्षक. रेल्वेचा लोको पायलट आणि सिग्नल यंत्रणेचा अभियंता. पुण्याच्या मेट्रोतला देखभाल अभियंता. दापोडीच्या एसटी कार्यशाळेत बसचा सांगाडा बांधणारा कारागीर. यातल्या पुष्कळ कामांकडे दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेतून किंवा आयटीआयच्या व्यवसाय अभ्यासक्रमातून जाता येते. चौथ्या मजल्यावरच्या थंड खोलीतच अभियंता बसतो हा समज असेल, तर ही यादी तो दूर करते.

माळीणने शिकवलेले

वाहतूक म्हणजे फक्त वेग नव्हे, हे आंबेगाव तालुक्याने फार मोठी किंमत मोजून शिकले आहे. ३० जुलै २०१४ ला पहाटे तालुक्याच्या पश्चिमेकडच्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. गाव नाहीसे झाल्याची पहिली बातमी बाहेर आली ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटी चालकामुळे. त्याला ओळखीच्या जागी गाव दिसले नाही, चिखल दिसला. त्या दुर्गम भागात दिवसाकाठी जाणारी एक बस हीच त्या दिवशी जगाशी जोडलेली दोरी ठरली.

भीमाशंकरच्या बाजूच्या आश्रमशाळांतल्या मुलांना दरड, उतार आणि पावसाचे पाणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. उताराच्या पोटात पाणी मुरले की मातीचे वजन वाढते आणि तिला धरून ठेवणारे घर्षण कमी होते, हे त्यांना सांगायला हवे. घाटातल्या रस्त्याकडेची गटारे, कड्यावर बसवलेली जाळी, पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या या त्यावरच्या उपायांतल्या पायऱ्या आहेत. माळशेजमध्ये पावसाळ्यात दगड का येतात आणि त्यांना कसे अडवतात, हे त्या मुलांपैकी एखादा आयुष्यभराचे काम म्हणून निवडेल, तर आंबेगावला त्याच्याइतका जवळचा अभियंता दुसरीकडून मिळणार नाही.

रेल्वे आणि दुर्बीण

आता या दोन वाटा एकमेकींना भेटतात ते ठिकाण. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ आराखडा सुमारे २३५ किलोमीटरचा, ताशी २०० किलोमीटर वेगाच्या गाड्यांचा, आणि मंचर-नारायणगाववरून जाणारा होता. दोन्ही तालुक्यांनी या रेल्वेची वाट वर्षानुवर्षे पाहिली आहे. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी २०२५ मध्ये स्पष्ट केले की जीएमआरटीमुळे नारायणगावमार्गे रेल्वे नेता येणार नाही आणि पर्याय अहिल्यानगर-शिर्डीच्या बाजूने शोधला जात आहे. तालुक्यात नाराजी पसरली. आमच्याच जमिनीवरची दुर्बीण आमच्याच रेल्वेच्या आड आली, अशी भावना समजण्यासारखी आहे.

दुर्बिणीची बाजूही तितकीच खरी आहे. आकाशातून येणारे संदेश इतके क्षीण असतात की शेजारचा मोबाइल त्यांच्यापुढे राक्षसी ठरतो. विजेवरच्या रेल्वेत २५ हजार व्होल्टच्या तारेवर गाडीच्या माथ्यावरचा पट्टा घासत जातो आणि जिथे संपर्क क्षणभर तुटतो तिथे ठिणगी उडते. प्रत्येक ठिणगी ही रेडिओचा छोटा प्रक्षेपकच, आणि तिचा गोंगाट नेमका मीटर लांबीच्या लहरींच्या पट्ट्यातही पसरतो. अमेरिकेत ग्रीन बँकच्या वेधशाळेसाठी १९५८ मध्ये सुमारे ३४ हजार चौरस किलोमीटरचा शांत पट्टाच घोषित केला गेला. तिथे दुर्बिणीजवळ पेट्रोलच्या गाड्या नेत नाहीत, डिझेलच्या नेतात, कारण पेट्रोल इंजिनातला स्पार्क प्लगही गोंगाट करतो.

हा वाद कोणत्या मार्गाने सुटेल ते सरकार आणि संसद ठरवेल. शिक्षकाच्या दृष्टीने मात्र असा विषय शोधून मिळणार नाही. किती अंतरावर गोंगाट किती कमी होतो? डोंगर मध्ये आला तर किती अडतो? बोगद्याने, वेगळ्या तंत्राने काय साधते आणि खर्च किती वाढतो? मार्ग वळवला तर किती गावे सुटतात, किती जोडली जातात? यातला पहिला प्रश्न रेडिओ अभियंत्याचा, शेवटचा वाहतूक नियोजकाचा. ज्या मुलांच्या घरी या विषयावर रोज तावातावाने बोलले जाते, त्यांना तो आकड्यांनी मांडायला शिकवणे ही तालुक्याची मोठी सेवा ठरेल.

पुढची वाट

इतरत्र वाहतूक अभियांत्रिकी शाळेपर्यंत नेण्याचे काम ठरवून केलेले आहे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने १९९७ मध्ये शाळकरी मुलांना वाहतूक क्षेत्रातल्या कामांची ओळख करून देणारा कार्यक्रम सुरू केला. त्याला गॅरेट मॉर्गन यांचे नाव दिले. मॉर्गन हे कृष्णवर्णीय संशोधक, १९२३ मध्ये तीन स्थितींच्या वाहतूक सिग्नलचे पेटंट घेतलेले. ज्या समाजातली मुले या क्षेत्रात कमी येतात त्यांच्यापर्यंत पोचायचे, हा संदेश नावातच होता.

आपल्याकडे साधने आधीच आहेत. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ मध्ये सुरू झाले तेच मुळी सार्वजनिक बांधकामाला माणसे हवी होती म्हणून. आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे आणि तिथे स्थापत्य, यांत्रिकी, ऑटोमोबाइल या शाखा आहेत. जुन्नर तालुक्यात कुरण, बेल्हे, डुंबरवाडी इथे खासगी महाविद्यालये आहेत. भोसरीला याच पुणे-नाशिक रस्त्यावर १९६७ पासून केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. नारायणगावला एसटीचे आगार आहे. सहावीपासूनच्या मुलांच्या निवडक कल्पनांना केंद्राच्या इन्स्पायर-मानक योजनेतून दहा हजार रुपये मिळतात. अपघाताचे वळण, गतिरोधकाची उंची किंवा एसटी थांब्याचा निवारा हे विषय त्यात सहज बसतात.

खोडदकडून घ्यायची रीत तीन वाक्यांत सांगता येते. ज्याचे यंत्र त्याने ते समजवावे. शिक्षकाला मुलांच्या आधी बोलवावे. आणि दरवर्षी ठरलेल्या तारखेला फाटक उघडावे. आगाराने इंजिन उघडून दाखवायचे, महाविद्यालयाने डांबराचा नमुना दाबून फोडायचा, बांधकाम विभागाने एखाद्या पुलाचे नकाशे भिंतीवर लावायचे. शिक्षकांसाठी त्याआधी एक दिवस, ज्यात आळेफाट्यावरची मोजणी त्यांनी स्वतः करायची.

तारीखही शोधायला नको. १५ सप्टेंबर हा अभियंता दिन मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या जन्मदिवसाचा. ते पुण्यातच अभियंता झाले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, आणि खडकवासल्याच्या धरणावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसले. शिवाय सप्टेंबरच्या मध्यावर पावसाळा सरत आलेला असतो. घाटातल्या दरडी ताज्या असतात, पुलांवर पुराच्या पाण्याच्या खुणा असतात, आणि रस्त्यांवरचे खड्डे तर मोजायला उभेच असतात. वाहतूक अभियांत्रिकीचे प्रदर्शन भरवायला वर्षातला याहून चांगला आठवडा जुन्नर-आंबेगावला मिळणार नाही.